भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा : एवढा एक पंधरवडा आमच्या मुलांना द्या

किनाऱ्यावरच्या सागरी प्रयोगशाळांचे संचालक, शास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि तिथल्या वसाहतींत राहणाऱ्या सर्वांना नागपुरातून खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गोव्यातली दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, रत्नागिरीच्या झाडगावातलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि किनाऱ्यावर लहानमोठ्या प्रयोगशाळा चालवणारी विद्यापीठं, अशा सगळ्यांना हे पत्र आहे. ते फक्त संचालकांच्या टेबलावर राहू नये अशी माझी इच्छा आहे. वसतिगृह सांभाळणारे, खानावळ चालवणारे, होडीवरचे तांडेल, टाक्यांतलं पाणी बदलणारे प्रयोगशाळा सहायक यांनीही ते वाचावं. मी जे मागते आहे त्याचा खरा भार त्यांच्यावरच पडणार आहे.

मागणी आधीच सांगते. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, विदर्भातल्या पदवीच्या वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना तुमच्याकडे राहू द्या. ही मुलं तुमच्या खानावळीत जेवतील, तुमच्या वेळेला उठतील आणि सांगाल त्या कामाला हात लावतील. नुसती फिरून येण्याची परवानगी आम्हाला नको आहे, ती आजही मिळते.

आमच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्यांची रांग आहे. त्यातल्या एकीत तारामासा आहे. त्याचा रंग केव्हाच गेला. एका हाताचं टोक तुटून बरणीच्या तळाशी पडलंय, चिठ्ठीवरची शाई पसरलीय आणि नाव अर्धंच वाचता येतं. मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी याच बरणीकडे बघून जर्नलमध्ये आकृती काढली, बाण काढून ‘ट्यूब फीट’ लिहिलं आणि स्पॉटिंगमध्ये, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेत, मार्क मिळवले. मागे एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, हे पाय आहेत म्हणता, पण हा चालतो कसा?’ मी फळ्यावर जलवाहिनी तंत्राची, म्हणजे पाण्याच्या दाबावर हे पाय हलवणाऱ्या नळ्यांची, आकृती काढून दाखवली. पण तिला आकृती नको होती, तिला तो चालताना बघायचा होता.

त्यातही एक गोष्ट मला फार खटकते. आमच्याकडे वर्षानुवर्षं तारामासा म्हणून जो ‘अ‍ॅस्टेरियस’ शिकवला गेला, तो उत्तरेकडच्या थंड समुद्रांतला. आपल्या किनाऱ्यावर तो राहतच नाही. कोकणच्या वाळूत राहणारे तारामासे वेगळे, त्यांची नावंही आमच्या मुलांना माहीत नसतात. पदवीच्या वर्गांतलं विच्छेदन बंद झालं, ते योग्यच झालं. पण त्याच्या जागी जिवंत प्राणी निरखणं यायला हवं होतं. आमच्या वाट्याला संगणकाच्या पडद्यावरची चित्रं आली. जिवंत तारामासा उथळ ताटात समुद्राच्या पाण्यात उलटा ठेवला, की खोबणींतून शेकडो नळीसारखे पाय बाहेर येतात, चाचपडतात, एक हात वळून तळ पकडतो आणि मग सगळं शरीर सावकाश पालटतं. हे एकदा पाहिलेल्या मुलाला जलवाहिनी तंत्र पाठ करावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, सहली येतातच की. येतात, आणि त्या सहलींनाच माझा आक्षेप आहे. आमची बस रात्रभर प्रवास करून येते, मुलं आंघोळ-नाश्ता उरकून दहा-साडेदहाला खडकांवर पोहोचतात आणि बहुतेक वेळा समोर पाणीच पाणी असतं. असं का होतं, ते कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला ठाऊक आहे. भरतीची वेळ काढायला तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अमावास्येला किंवा पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. उधाणाच्या दिवशी भरती ऐन दुपारच्या सुमाराला येते आणि ओहोटी पहाटे पाचच्या आसपास, मग पुन्हा संध्याकाळी. खडक सगळ्यात खालपर्यंत उघडे पडतात ते नेमके याच ओहोट्यांना. अष्टमीच्या सुमाराला ओहोटी दुपारी बाराला येते, सहलीच्या सोयीची. पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं खाली जातच नाही. म्हणजे सहलीच्या वेळापत्रकात चांगला खडक बसूच शकत नाही. त्यासाठी पहाटे चारला उठून, हातात बॅटरी घेऊन खडकांवर उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी रात्री तिथेच मुक्काम हवा.

भाऊबीज ते त्रिपुरी पौर्णिमा हा काळ मी म्हणूनच निवडला. अमावास्येनंतरचं उधाण, मधे अष्टमीचा भांग, पुन्हा पौर्णिमेचं उधाण, असा भरतीचा एक पूर्ण फेरा त्यात बसतो. पाऊस ओसरलेला, समुद्र निवलेला, पाण्यातला गाळ खाली बसलेला. आमच्याकडे तेव्हा सुट्टी असते आणि तुमच्या वसतिगृहातली मुलंही घरी गेलेली असतात. एकाच खडकावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट रोज ठेवून कालवं, बार्नेकल, शंख, शेवाळ मोजत गेलं, तर पंधरा दिवसांत मुलांना कळेल की वरच्या पट्ट्यात कोण राहतं, खालच्या पट्ट्यात कोण आणि का. एका दिवसात हे कळत नाही. एका दिवसाची सहल फक्त पिशव्या भरून आणते. पूर्वी आमच्यासारख्या महाविद्यालयांनी त्याच त्याच खडकांवरून नमुने खरवडून नेले. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना आता वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. बाकीच्या प्राण्यांनाही पिशवीतून सुटका मिळायला हवी, आणि त्यासाठी मुलांना तिथेच थांबून बघण्याची सवय लागली पाहिजे.

एम.एस्सी. करताना मला किनाऱ्यावरच्या एका केंद्रात काही आठवडे राहायला मिळालं होतं. तिथल्या फळ्यावर तासिकांऐवजी भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असत आणि नाश्ता केव्हा मिळणार हे त्यावरून ठरत असे. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकायची, त्यामुळे आठवडाभरात आमची झोप, जेवण, अभ्यास सगळंच सरकत गेलं. एका रात्री वीज गेली आणि टाक्यांना हवा पुरवणारे पंप बंद पडले. जनरेटर सुरू होईना. दहा मिनिटांच्या आत वसाहतीतली माणसं प्रयोगशाळेत जमली. वरिष्ठ शास्त्रज्ञ, त्यांची पत्नी, खानावळीतले मामा, आम्ही विद्यार्थी, सगळे हातात मग आणि तपेली घेऊन टाक्यांतलं पाणी उपसून उंचावरून परत ओतत होतो, त्यात हवा मिसळावी म्हणून. कोणती टाकी कोणाची हे कोणी विचारलं नाही. कुणाच्या तरी पीएच.डी.ची तीन वर्षं त्या कोळंबीच्या पिल्लांत होती, हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळलं. जाळं कुठे टाकायचं हे तांडेल पाण्याच्या रंगावरून सांगायचे आणि मग पाण्याची लवणता मोजून शास्त्रज्ञ त्याचं कारण शोधायचे. जेवताना दोघं एकाच बाकावर बसत. विज्ञान हा माणसांनी मिळून करायचा उद्योग आहे, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. नागपुरातल्या चार भिंतींच्या प्रयोगशाळेत, सव्वादोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये, मी ते माझ्या मुलांना कसं दाखवू?

या राहण्यातून काय निघतं याची साक्ष इतिहासात आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अँटोन डोर्न यांनी 1870 च्या दशकात इटलीत नेपल्सला सागरी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि ती चालवण्यासाठी टेबलं भाड्याने द्यायची पद्धत काढली. एखाद्या सरकारने किंवा विद्यापीठाने वर्षाची रक्कम भरायची आणि त्यांच्या माणसाला तिथे टेबल, समुद्राचं वाहतं पाणी, ताजे प्राणी आणि ग्रंथालय मिळायचं. बव्हेरिया, सॅक्सनी या जर्मन राज्यांना समुद्रकिनारा नव्हता. त्यांनीही टेबलं घेतली. अमेरिकेत वुड्स होलच्या प्रयोगशाळेत 1982 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टिम हंट समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. प्रत्येक पेशीविभाजनाच्या वेळी एक प्रथिन नाहीसं होतं आणि पुन्हा तयार होतं, हे त्यांना दिसलं. त्याचा अर्थ काय असेल याची चर्चा तिथल्या संध्याकाळच्या व्याख्यानानंतरच्या गप्पांमध्येच सुरू झाली. सायक्लिन नावाच्या त्या प्रथिनासाठी त्यांना 2001 चं नोबेल मिळालं. जपानी शास्त्रज्ञ ओसामू शिमोमुरा अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरच्या किनाऱ्यावर जेलीफिश पकडत, आणि त्यांचं कुटुंब, मुलंसुद्धा, जाळी घेऊन मदतीला असत. त्या जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं. त्यासाठीचं नोबेल 2008 चं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. तमिळनाडूत अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टैचं केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशी आहे. मुलं तिथे खाडीच्या काठावर राहून शिकतात. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून 1966 साली तुमची गोव्याची संस्था जन्माला आली. समुद्रविज्ञान करायला दारात समुद्र असावाच लागतो असंही नाही. सुनामीचा इशारा आणि मासळी कुठे मिळेल याची सूचना देशाला देणारी इन्कॉइस हैदराबादेत आहे, आणि हैदराबाद नागपूरहून एका रात्रीच्या अंतरावर. दख्खनच्या पठारावर बसून माणसं समुद्रावर नजर ठेवू शकतात, तर आमची मुलंही ठेवतील. फक्त एकदा तरी त्यांनी खाऱ्या पाण्यात पाय बुडवून काम केलेलं असलं पाहिजे.

आता तुमच्या फायद्याचं सांगते, कारण नुसतं मागायला मी आलेले नाही.

नागपूरला समुद्र नाही हे अर्धंच खरं. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावामार्गे शहर ओलांडणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागरात. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी भरून वाहिला आणि आमच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. तेव्हा त्या पाण्याबरोबर जे जे वाहून गेलं त्याची वाट याच दिशेची होती. आमच्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचतं, हे विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचं विशाखापट्टणमचं केंद्र गोदावरीच्या मुखाशी पाण्याचा अभ्यास करतं. पावसाळ्यात तिथली खाडी गोड्या पाण्याने भरून जाते आणि उन्हाळ्यात खारं पाणी आत सरकतं, हे त्यांनीच मोजलंय. त्या पाण्याचा वरचा भाग आमच्या अंगणात आहे. नाग, कन्हान, वैनगंगा यांच्या ठरलेल्या जागांवरून दर महिन्याला पाण्याचे नमुने घेणं आमच्या मुलांना जमण्यासारखं आहे. विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, फॉस्फेट काढायला ती शिकलेलीच असतात. फुटाळा तलावाच्या पाण्यावर विंकलरची पद्धत करताना बाटलीत तपकिरी साका बसला की ‘ऑक्सिजन आहे’ आणि पांढराच राहिला की ‘नाही’, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तुमच्या पद्धतीची शिस्त त्यांना द्या, वर्षभराची आकडेवारी आम्ही देऊ.

आणि एक जिवंत दुवा आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा नदीतला झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, वाढतो गोड्या पाण्यात, पण त्याची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय मोठी होत नाहीत. पिल्लं प्रवाहाबरोबर खाली मुखाकडे जातात आणि थोडी मोठी झाली की उलट्या दिशेने नदी चढून येतात. वैनगंगेकाठचे जुने ढिवर सांगतात की पूर्वी हे झिंगे जाळ्यात भरपूर यायचे, धरणं झाली तशी त्यांची वाट अडली. वैनगंगेवर गोसीखुर्द आहे, खाली गोदावरीवर मेडीगड्डा. या झिंग्याचं अर्धं आयुष्य आमच्याकडे आहे आणि अर्धं तुमच्याकडे. वरचे शिक्षक आणि खालचे शास्त्रज्ञ एकत्र बसल्याशिवाय त्याची गोष्ट पुरी कशी व्हायची?

म्हणूनच मुलं निवडताना फक्त मार्क बघू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आज हुशार एम.एस्सी. विद्यार्थ्यांना उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत, शाळकरी मुलांसाठी सीएसआयआरचा, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा, ‘जिज्ञासा’ उपक्रम 2017 पासून आहे. मधला पदवीचा विद्यार्थी, त्यातही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचा, बहुतेकदा दोन्हींतून सुटतो. आमच्या वर्गांत ढिवर समाजातली मुलं आहेत. मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर आजोबा-वडिलांबरोबर जाळं टाकत ती मोठी झाली. मरळ कुठे घर करते, कोणत्या महिन्यात कोणता मासा अंड्यावर असतो, हे त्यांना पुस्तकाआधी कळलेलं असतं. इंग्रजीत प्रश्न विचारायला मात्र ती बिचकतात. रत्नागिरीच्या तांडेलाशी ती मराठीत बोलतील, बोली वेगळी असली तरी. एका जाळेवाल्याचं दुसऱ्या जाळेवाल्याशी जमायला वेळ लागत नाही. सकाळी मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरताना या मुलांना उभं करा. ते जे प्रश्न विचारतील ते मला सुचणार नाहीत.

आमच्या विनंतीला मागे एका संस्थेकडून उत्तर आलं होतं : भेटीची वेळ दुपारी तीन ते पाच, गटासोबत दोन शिक्षक असावेत, छायाचित्रणास मनाई. उत्तर सभ्य होतं आणि नियमाला धरून होतं. पण त्या दोन तासांत आमच्या मुलांनी काचेपलीकडचे मासे पाहिले, देवमाशाचा सांगाडा पाहिला आणि ती परत बसमध्ये बसली. मत्स्यालय बघून आलेल्या मुलाला समुद्र म्हणजे बघण्याची वस्तू वाटते. त्यात करण्यासारखं काही काम असतं, हे त्याच्या मनातही येत नाही.

विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधी 1953 च्या नागपूर करारात व्यवसाय आणि विज्ञानाचं शिक्षण देणाऱ्या संस्थांतल्या प्रवेशात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असं लिहिलं गेलं. राज्याला मोठा समुद्रकिनारा आहे, आणि तो आमचाही आहे. हे मी भांडण म्हणून लिहीत नाही. पण आमच्या मुलांना किनाऱ्यावर फक्त पर्यटक म्हणून जायला मिळावं, हे मला मान्य नाही.

व्यवस्थेचं थोडक्यात. प्रवासाचा खर्च आम्ही महाविद्यालयांकडून आणि पालकांकडून उभा करू. नागपूर–मडगाव विशेष गाडी चालू असेल तेव्हा ती कोकणातूनच जाते. जेवणाचे पैसे आम्ही भरू. नेपल्सच्या टेबलासारखी एखादी वार्षिक रक्कम ठरवा. ती भरायला आमचं विद्यापीठ आणि नागपुरातलंच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्याकडे शब्द टाकायची जबाबदारी आम्हा शिक्षकांची. नागपुरातली पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था नीरी आणि दोना पावलाची संस्था दोन्ही सीएसआयआरच्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. तुम्ही होकार दिलात तर निवड आणि पूर्वतयारी नीरीच्या आवारात करता येईल का, हे आम्ही तिथे जाऊन विचारू. मुली निम्म्याहून जास्त असतील. त्यांच्या घरचे ‘राहायला कुठे, सोबत कोण’ हाच पहिला प्रश्न विचारतात, तेव्हा वसतिगृहात एक खोली आमच्या शिक्षिकांसाठी ठेवा. पहाटे खडकांवर जाताना बरोबर तुमचा एक माणूस असला पाहिजे. पोहता न येणारं एकही मूल लाइफ जॅकेटशिवाय होडीत चढणार नाही, याची लेखी हमी आम्ही देऊ. आमच्यातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र पाहिलेला नसेल आणि उधाणाचं पाणी किती वेगाने पाठीमागून येतं हे त्यांना कळत नाही. तो धाक पहिल्याच दिवशी तांडेलांनी घालावा.

काम मात्र खरं द्या. पुस्तकातला प्रयोग आम्ही इथेही करून घेऊ शकतो. तुमच्याकडे सुरू असलेल्या एखाद्या संशोधनातला कंटाळवाणा भाग असला तरी चालेल : प्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, जाळीतले नमुने मोजायचे, टाक्या घासायच्या, बंदरावर माशांची लांबी-वजनं लिहून घ्यायची. रात्री जेवणानंतर तुमच्यापैकी कोणीतरी अर्धा तास बोलावं. मोठ्या शोधाबद्दलच असं नाही, या आठवड्यात काय फसलं आणि का, याबद्दल बोललात तर मुलांना जास्त उपयोगी पडेल.

एका केंद्राने जरी यंदा बारा खाटा दिल्या, तरी आम्ही बारा मुलांपासून सुरुवात करू. खाटा किती, जेवणाचा दर काय आणि मुलांनी बरोबर काय आणायचं, एवढं तीन ओळींत कळवा. दसऱ्यापर्यंत उत्तर आलं तर दिवाळीआधी नावं निश्चित होतील, वैद्यकीय तपासणी होईल आणि गाडीचं आरक्षणही मिळेल. आणि रिकाम्या हाताने येणार नाही. त्या महिन्यातले नाग, कन्हान आणि वैनगंगेच्या पाण्याचे नमुने, जागा, तारीख आणि वेळ लिहिलेल्या बाटल्यांत, बर्फाच्या पेटीतून बरोबर आणू.

आपली नम्र,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका
नागपूर